‘अर्धी झोप’च्या निर्मळे मॅडम

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी अकरा वर्षं झूऑलॉजी शिकवलं, तिथल्या स्टाफरूममध्ये बॉटनी आणि झूऑलॉजीला मिळून एकच टेबल होतं. फिजिक्सवाल्यांना स्वतंत्र टेबल, केमिस्ट्रीवाल्यांना स्वतंत्र टेबल आणि डोक्यावर पंखा. आम्ही दोघी खिडकीशी, समोरासमोर. त्यामुळे बॉटनीच्या अनुराधा निर्मळे या बाईंचा चेहरा मी माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त तास बघितलेला आहे. तरी त्या गातात हे मला सहाव्या वर्षी कळलं.

अबोल म्हणावं अशा त्या नव्हत्या, पण आवाज फार हळू. दोनशे पोरांच्या बॅचमध्ये माईक ओठांना टेकवून धरावा लागायचा. जूनमध्ये नवी पोरं कुरकुर करायची, मॅडम आवाज येईना म्हणून. पंधरा दिवसांत सगळा हॉल चिडीचूप. शिस्तीचा त्यात काही भाग नव्हता, कुणी हललं तर पुढचं वाक्य जायचं, एवढंच. रस्त्यानं येताना त्या काहीतरी उपटून आणायच्या. गटारीकडेची एकदांडी, भिंतीवरच्या शेवाळाचा तुकडा, नाव नसलेलं एखादं गवत. डब्याच्या झाकणात पाणी घालून ते टेबलावर ठेवायच्या आणि माझ्या वह्या तिकडं सरकल्या की न बोलता परत इकडं सरकवायच्या. त्यांना कशाबद्दलही विचारा, पगारवाढ असो, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन असो, एखाद्या पोराचा मेडिकलला नंबर लागेल का असो, उत्तर एकच: “बघू, उगवतंय का.”

सकाळी सहाची बॅच कुणालाच नको असायची. ती त्यांनी मागून घेतली होती. थंडीत पोरं हॉस्टेलवरून मफलर गुंडाळून यायची, डोळे उघडे पण आत कुणी नाही. हजेरी झाली की मॅडम म्हणायच्या, पाच मिनिटं डोकं ठेवा. दोनशे डोकी एकदम बेंचवर. मॅडम लाईट बंद करायच्या आणि घड्याळ बघत फळ्याजवळ उभ्या राहायच्या. आमच्या संचालक सरांनी हे कॅमेऱ्यात बघितलं आणि त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी हजेरीपट घेऊन तिथंच उभी होते. सरांनी कॅल्क्युलेटर त्यांच्याकडं सरकवला.

“पाच मिनिटं गुणिले दोनशे पोरं. किती मिनिटं वाया गेली, करा तुम्हीच.”

मॅडमनी खरंच आकडे दाबले. “हजार, सर.”

“मग?”

“हजार मिनिटं झोप झाली.”

त्यांच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. हिशेब विचारला म्हणून सांगितला, असा चेहरा. सरांनी कॅल्क्युलेटर परत ओढून घेतला. दोन मिनिटांवर आणा, म्हणाले. मॅडम हो म्हणाल्या आणि पाचच ठेवली.

त्या बॅचला चाकूरची एक पोरगी होती, रिपीटर. माझ्या तासालाही ती पहिल्या बेंचवर झोपायची. शेजारणीनं डोक्यावरची ओढणी ओढली की डोळे न उघडता म्हणायची, “ओढू नको गं, मी हाय इथंच.” मॅडमना त्या वाक्याचं फार कौतुक. त्या ते दिवसभर गुणगुणत होत्या, हे मला आठवतं. पुढं जे झालं ते सगळं या वाक्यावरून झालं, म्हणून ते आधी सांगून ठेवते.

क्लासच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांत मॅडम आणि त्यांची आई राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. वर तीन मजले मुलींचं हॉस्टेल. जिन्यात पाटी: ‘शांतता राखा. अभ्यास चालू आहे.’ ती दिवसरात्र लागू होती. कुकरची शिट्टी झाली तरी वरून कुणीतरी बादली आपटायचं. मॅडमच्या वडिलांची वाजवायची पेटी होती, ती फडक्यात बांधून माळ्यावर गेली होती. भाडं परवडणारी दुसरी जागा त्या भागात मिळणं शक्य नव्हतं, कारण त्या भागात घर असलेल्या प्रत्येक माणसानं वर एक मजला चढवून पोरं भरली होती.

एकदा दुपारी तपासलेले पेपर द्यायला मी त्यांच्याकडं गेले. आईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “अनु गोधडीत हाय. बसा.” मला वाटलं ताप आलाय. मे महिना होता. पाच मिनिटांनी आतल्या खोलीतून मॅडम आल्या, घामानं न्हालेल्या, केस कपाळाला चिकटलेले, हातात फोन. चोरी करताना सापडल्यासारख्या बघायला लागल्या. मग कळलं ते असं. दोन ते चारच्या मध्ये, दोन बॅचच्या फटीत, त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात तोंड घालून, वरून दोन गोधड्या घेऊन गायच्या. कानात इअरफोन, त्यात एका जुन्या छोट्या कीबोर्डचे सूर, आणि गाणं फोनमध्ये. वर ऐकू जाऊ नये म्हणून.

“गाणं म्हणावं असं काही नाही,” त्या म्हणाल्या. “गुणगुण आहे नुसती.”

मला गाण्यातलं कळत नाही. पण त्यांनी फोन माझ्या कानाला लावला तेव्हा वाटलं, आपण झोपलोय आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी आपल्याला न उठवता घर आवरतंय. त्या चाकूरच्या पोरीच्या वाक्याचं त्यांनी गाणं केलं होतं:

पांघरूण ओढू नका कुणी,
मी अजून इथंच आहे.
थोडा उजेड होऊ द्या,
मग हाक मारा.

हे सगळं बाहेर नेलं ते तेजश्रीनं. ही आमचीच विद्यार्थिनी. दोन वर्षं मेडिकलसाठी बसली, नंबर लागला नाही. मग वडिलांशी भांडून पुण्याला जाऊन ध्वनिमुद्रण शिकली. लातूरला आली की ती आधी मॅडमकडं जायची, मग स्वतःच्या घरी. तिनं ती गाणी ऐकली आणि फोनमधून काढून पुण्याला नेली. त्यात गिटार घातली, आवाजामागं लांबवर घुमणारा दुसरा आवाज ठेवला. पंख्याची घरघर आणि वरच्या मजल्यावर खुर्ची ओढल्याचा आवाज आला होता, तो तिनं मुद्दाम काढला नाही. आठ गाणी झाली. ‘अर्धी झोप’ हे नाव मॅडमनी दिलं. एका सोमवारी तेजश्रीनं अल्बम इंटरनेटवर टाकला आणि मॅडम सहाच्या बॅचला पानांचे प्रकार शिकवायला गेल्या.

पहिलं परीक्षण आलं ते पुण्याच्या कुठल्याशा वेबसाईटवर, इंग्रजीत, दहा-बारा ओळींचं. लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं की गाणी गोड आहेत पण सगळी सारखीच आहेत, आणि पाचव्या गाण्यापर्यंत मला खरोखरच झोप लागली. मी मॅडमना वाचून दाखवायला घाबरत होते. त्या मात्र खूश. ह्या माणसाला बरोबर कळलंय, म्हणाल्या. त्याची प्रिंट काढून त्यांनी टेबलाच्या काचेखाली घातली. नंतर आणखी दोन-तीन आली. कुणी आवाजाला धुकं म्हटलं, कुणी कापूस. ‘स्वप्नाळू’ हा शब्द सगळ्यांत होता. फिजिक्सचे सर चहाच्या वेळी मोठ्यानं वाचायचे आणि मॅडम ओढणी सावरत, लाजत, डब्यातली पोळी चिमटीनं तोडत बसायच्या. त्या महिना-दीड महिन्यात त्या जेवढ्या आनंदात होत्या तेवढं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग मुंबईच्या एका मासिकात लिहिणाऱ्या गृहस्थांनी तेजश्रीला फोन केला. गाणारी बाई कुठली, एवढंच विचारलं. तेजश्रीनं गावाचं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, त्या गावाबद्दल पुष्कळ लोकांनी लिहून झालेलं आहे. भूकंपात ते गाव पूर्ण पडलं होतं.

पुढच्या अंकात दोन पानं आली. मथळा ‘ढिगाऱ्याखालचा आवाज’. त्यात पांघरूण म्हणजे माती होती. ‘मी अजून इथंच आहे’ म्हणणारी एक गाडली गेलेली मुलगी होती. आवाज दबलेला होता कारण तो दगडांखालून येत होता. आणि तिसऱ्या गाण्यात दुरून जो एक हादरा ऐकू येतो, त्यावर एक पूर्ण परिच्छेद होता. ती आमच्या गल्लीतल्या हॉस्टेलची खुर्ची होती.

लेख सुंदर होता, हे मला मान्य केलं पाहिजे. वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग मला स्वतःचाच राग आला. मॅडमनी वाचला, घडी घातली, तासाला गेल्या. परत आल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा ते सांगितलं. भूकंप झाला त्या पहाटे त्या नांदेडला मावशीकडं होत्या, शिकायला म्हणून ठेवलेल्या. मावशीच्या फळीवरची भांडी पडली, सगळी गल्ली रस्त्यावर आली. ह्या झोपलेल्याच. सकाळी उठल्यावर लोकांनी सांगितलं. आईवडील वडिलांच्या नोकरीमुळं नुकतेच औशाला गेले होते. गावातल्या घरी काका-काकू आणि चुलतभाऊ, ते खळ्यावर झोपायला गेले होते म्हणून वाचले. “आमच्या घरातलं कुणीही गेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “गावात असं आमचंच एक घर असेल. मी तेव्हापासून गावाला गेले की मान खाली घालून जाते. आणि हे बघा काय लिहून ठेवलंय.”

त्यांनी त्या गृहस्थांना मेलवर पत्र लिहिलं. मी वाचलंय ते. सरळ, बॉटनीच्या उत्तरासारखं मुद्देसूद. मी तिथं नव्हते. गाणं माझ्या वर्गातल्या एका झोपाळू मुलीचं आहे. माझा आवाज हळू आहे कारण वर मुली अभ्यास करतात. कृपया दुरुस्ती छापावी.

त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं, अतिशय नम्र. कलावंताला आपल्या जखमेचा पत्ता पुष्कळदा नसतो, असं त्यांनी लिहिलं होतं. तुम्ही नाकारताय, यातच तिची खोली दिसते. दुरुस्ती छापणं हा तुमच्या गाण्यावर अन्याय होईल.

मॅडमनी फोन माझ्यापुढं धरला. “मी म्हणते मला ताप नाही. हे म्हणतात तुम्हाला कळत नाहीये. आता ह्याच्यापुढं काय लिहायचं?”

पुढच्या प्रत्येक परीक्षणात भूकंप होताच. ज्यांनी आधी धुकं आणि कापूस लिहिलं होतं त्यांनी पुन्हा लिहिलं. झोप लागली म्हणणाऱ्या पहिल्या माणसानंसुद्धा माफी मागितली. ऐकताना मला संदर्भ माहीत नव्हता, म्हणाला. मॅडमनी काचेखालची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवली.

आमचे संचालक सर आधी नाराज होते. शिकवणाऱ्या माणसानं गाणीबिणी कशाला, पालक काय म्हणतील. मराठी पेपरच्या रविवारच्या पुरवणीत फोटोसकट आलं तेव्हा त्यांचं मत बदललं. ॲडमिशनचे दिवस होते. चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला: मॅडमचा हाताची घडी घातलेला फोटो आणि खाली ‘ढिगाऱ्यातून उभ्या राहिल्या, आज हजारोंना उभं करताहेत’. मॅडम केबिनमध्ये गेल्या. हे खोटं आहे, काढा, म्हणाल्या. सरांनी त्यांना बसवून चहा मागवला. खोटं काय आहे त्यात, गाव तुमचं आहे ना, भूकंप झाला ना. मी नांदेडला होते, सर. तेवढं बारीक कोण बघतंय, मॅडम. ॲडमिशन संपू द्या, मग काढू.

फ्लेक्सखालून रोज चालत यावं लागायचं. गल्लीतून दुसरा रस्ता नव्हता.

पोरांचं वागणं बदललं ते मला जास्त लागलं. मॅडम वर्गात शिरल्या की पोरं उभी राहायची, आजारी माणसाच्या खोलीत राहतात तशी. इस्लापूरची एक मुलगी होती, टेस्टमध्ये सारखी नापास व्हायची. तिनं उत्तरपत्रिकेच्या शेवटी लिहिलं, ‘मॅडम, तुमच्यासारखं दुःख सहन करायची ताकद मला मिळो.’ मॅडम तो पेपर हातात धरून बसल्या. “हिला आता रागावू कशी मी?” म्हणाल्या. “हिला रागावायची गरज आहे हो.” आणि एका सकाळी डोकी बेंचवर असताना, लाईट बंद असताना, मागून कुणीतरी फोनवर हळूच तेच गाणं लावलं. आदरानंच लावलं असणार. मॅडमनी लाईट लावले. दुसऱ्या दिवसापासून हजेरी झाली की सरळ फळ्याकडं वळायला लागल्या. ती पाच मिनिटं त्यांनी कायमची बंद केली.

अशात गावाहून दत्ताचा, म्हणजे त्यांच्या चुलतभावाचा फोन आला, एकदा येऊन जा म्हणून. रविवार होता, मी बरोबर गेले. एकटीनं जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. एसटीत त्या वहीत लिहिलेलं पाठ करत होत्या, काय सांगायचं ते.

पुनर्वसनाचं गाव मी पहिल्यांदाच बघत होते. सरळ रुंद रस्ते, एकसारखी घरं, प्रत्येकावर नंबर. दोन घरांत एवढं अंतर की शेजाऱ्याला हाक मारायची तर दारातून उतरावं लागतं. दत्ता स्टँडवर आला होता. पाणीबिणी विचारायच्या आधीच तो बोलला.

“ताई, लोक विचारायलेत. आपल्या घरचं तर कुणीच गेलं न्हाई. मंग तू कुणाचं गाणं केलंस? मी काय सांगू?”

“तेच सांगायला आले मी,” मॅडम म्हणाल्या. “हे भूकंपाचं गाणं नाहीच आहे.”

“मंग चार लोकांत सांगून टाक. पारावर बसलेत समदे.”

पारावर जायच्या आधी मॅडमना चंद्रकलाकाकूंना भेटायचं होतं. काकू त्यांच्या जुन्या घराच्या शेजारणी. त्यांची मुलगी मंगल सातवीपर्यंत मॅडमच्या बरोबर शाळेत होती. मॅडमना नांदेडला पाठवलं, मंगल गावातच राहिली आणि भूकंपात गेली. काकूंना दुसरं मूल नव्हतं. त्यांच्या कानावर परस्पर काहीतरी जाण्याआधी आपण खरं सांगावं, असं मॅडमच्या मनात होतं.

काकू ओट्यावर तूर निवडत होत्या. सत्तरीच्या असतील. मॅडम पायऱ्या चढून पाया पडल्या आणि सूप त्यांच्या हातातून घेऊन स्वतः निवडायला बसल्या. थोडा वेळ आईच्या गुडघ्याचं, पावसाचं बोलणं झालं. मग मॅडम म्हणाल्या, “काकू, ते गाणं…”

“ऐकलं मी,” काकू म्हणाल्या. “दत्तानं ऐकवलं फोनवर. रोज ऐकवतो, मी म्हणलं की.” मग त्यांनी मॅडमकडं नीट बघितलं. “तू नांदेडला व्हतीस. मला ठाव हाय. मंग तुला कसं कळलं?”

“काय, काकू?”

“मंगल असंच म्हणायची की. रोज सकाळी. मी पांघरूण वढलं की म्हणायची, वढू नको गं आई, मी हाय की हितंच. लई झोपाळू पोरगी.”

मॅडमचा हात सुपात थांबला.

“तिनंच सांगितलं आसंल तुला,” काकू म्हणाल्या. “शाळंत.”

मी पायरीवर बसले होते. मॅडमनी पाठ केलेलं सगळं मला माहीत होतं, पहिलं वाक्यसुद्धा. त्या परत तूर निवडायला लागल्या. काकू पुढं म्हणाल्या, “इतकी वर्षं झाली, मला तिचं समदं आठवतंय. फ्राक आठवतो, हातावरचा डाग आठवतो. आवाज आठवंना झाला व्हता. लई बेजार झाले मी. आता हे ऐकलं की येतो.”

“हो काकू,” मॅडम म्हणाल्या. “तिनंच सांगितलं होतं.”

“मला वाटलंच.” काकूंनी सूप परत घेतलं. “बस, चहा करते.”

पारावर दहा-बारा माणसं होती. दत्ता म्हणाला, ताई, बोल. मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की गाणं मंगलचं आहे. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून परत घातली. एवढंच झालं.

परतीच्या एसटीत औसा येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, म्हातारीच्या समाधानासाठी एक शब्द बोललात, त्यात कुणाचं वाईट झालं? त्या म्हणाल्या, वाईट कुणाचंच नाही झालं. पण आता खरं कुणालाच सांगता येणार नाही. पुण्यात सांगितलं तरी फिरून ते गावात पोचणार.

लातूर जवळ आल्यावर म्हणाल्या, “आणि खरं काय ते तरी मला कुठं माहीत आहे आता? सातवीपर्यंत रोज सकाळी मी मंगलला बोलवायला जायचे. दारात उभी राहून ऐकलंही असेल मी ते. चाकूरची पोरगी तसं बोलली तेव्हा मला ते एवढं का आवडलं? त्या माणसाचंच खरं असलं तर?”

‘बघू, उगवतंय का’ हे त्यांचंच वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, बरं झालं बोलले नाही.

त्यानंतर त्यांनी कधी काही नाकारलं नाही. मुलाखतीला लोक यायचे, भूकंपाबद्दल विचारायचे आणि मॅडम त्यांच्याकडं बघून मान हलवायच्या. बोलल्या नाहीत म्हणून लोक आणखी हेलावून जायचे. गावातल्या स्मृतिदिनाला ते गाणं लागायला लागलं. मॅडमना बोलावणं यायचं, त्या जायच्या, काकूंच्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या. तिथं त्यांनी गायलं मात्र कधीच नाही.

तेजश्रीला दुसरा अल्बम हवा होता. पुण्यामुंबईची माणसं वाट बघत होती. मॅडमनी चार गाणी केली आणि ती मला ऐकवली. एक बियांच्या प्रवासावर होतं, एक चक्क संचालक सरांच्या कॅल्क्युलेटरवर. ऐकताना मी मोठ्यानं हसले आणि वरून बादली वाजली. तेजश्री स्वतः लातूरला आली, मॅडमच्या घरी मांडी घालून बसली आणि खाली मान घालून म्हणाली की तिकडच्यांना ही पटत नाहीत. त्यांचं म्हणणं, हे त्या आवाजाचं नाही. बिया चालतील, पण त्या मातीत दबलेल्या आहेत असं काही करता येईल का? मॅडमनी तिला जेवायला वाढलं. तिच्यावर रागावल्या नाहीत, तिच्या वडिलांशी तिचं बोलणं सुरू झालं होतं ते ह्या अल्बममुळंच, हे त्यांना माहीत होतं. पण गोधड्या धुऊन, उन्हात वाळवून त्यांनी ट्रंकेत ठेवल्या आणि कपाटात त्या जागी नोट्सचे गठ्ठे गेले.

एकदा मी खोदून विचारलं की कुणी ऐकणार नाही, छापणार नाही, नुसतं स्वतःसाठी गायला काय हरकत आहे. त्या म्हणाल्या, “तोंड उघडलं की मलाच तसं ऐकू येतं हो. माती, माती.”

आईंचं दुखणं वाढलं तशा त्या नांदेडला मावशीच्या घराजवळ राहायला गेल्या. तिथंही क्लासेस निघालेच होते, नोकरी लगेच मिळाली. आमचं बोलणं सणावाराला. चंद्रकलाकाकू वारल्या तेव्हा दत्तानं मलाही कळवलं. मी मॅडमना फोन केला, आणि काकू असताना कधी म्हटलं नसतं ते म्हटलं: आता तुम्हाला सांगता येईल. मग त्या म्हणाल्या, “आता मंगलचं मी विचारू कुणाला?”

त्यांना शेवटचं पाहिलं ते नांदेडच्या बसस्टँडवर. माझं माहेर नायगावचं. भाचीचं लग्न उरकून मी लातूरला परत निघाले होते, आणि त्या मला भेटायला म्हणून दोन तासांची सुट्टी काढून आल्या होत्या. केस बरेच पिकले होते. येताना पेरू आणि भिजवलेले शेंगदाणे आणले होते, प्रवासात खा म्हणून. उसाच्या रसाच्या गाड्याजवळ बाकावर बसून आम्ही जुन्या पोरांची नावं आठवत बसलो. चाकूरची ती पोरगी नर्स झाल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्या खुलल्या. तिला झोप मिळते का ड्यूटीत, असं विचारलं.

गाडी लागली, मी चढले, खिडकीशी जागा मिळाली. मॅडम खाली उभ्या होत्या, मी बसले का नाही बघत. तेवढ्यात बाजूनं एक मुलगी आली. वीस-बावीसची असेल, पाठीला सॅक, गळ्यात इअरफोन लोंबत होते. तिनं मॅडमना काहीतरी विचारलं, मॅडमनी मान हलवली, आणि त्या मुलीचा चेहराच बदलला. तिनं मॅडमचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती, काच बंद होती, मला एक शब्द ऐकू येत नव्हता. मुलगी बोलत होती आणि रडत होती, तिचं स्वतःचं काहीतरी असणार, कुणीतरी गेलेलं असणार. मॅडम ऐकत होत्या. मध्ये मध्ये मान हलवत होत्या. गाडी मागं जायला लागली तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं, निरोपाचा हात करायला म्हणून एक हात हलला, पण तो त्या मुलीच्या मुठीत होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. तिच्याकडं वळल्या आणि पुन्हा ऐकायला लागल्या.